थुंकी नको, बेडका पाहिजे: टीबीच्या तपासणीचा नमुना कसा द्यायचा आणि लॅबमध्ये कसा तयार करायचा

आधी शब्दाचा घोळ मिटवू. फॉर्मवर, भिंतीवरच्या पोस्टरवर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सगळीकडं 'थुंकी तपासणी' असं लिहिलेलं असतं. माणूस बिचारा शब्दाला धरून चालतो, थुंकी मागितली म्हणून थुंकीच देतो. डबी उघडली की पांढरा फेस, वर बुडबुडे, खाली पाणी. मी लॅब टेक्निशियन आहे, सुरुवातीची वर्षं साताऱ्याकडं माण-खटावात काढली, आता जतच्या बाजूला आहे, आणि एवढ्या वर्षांत एवढंच कळलंय की मशीन कितीबी भारी आणा, डबीत लाळ आली असेल तर त्यातनं लाळेचाच रिपोर्ट निघणार. टीबीचा जंतू असतो फुफ्फुसात, तिथनं खोकून वर आलेला जो घट्ट, पिवळसर, चिकट ऐवज असतो त्याला आपल्याकडं बेडका म्हणतात. तोच शब्द वापरा की सरळ. एका आजीला तीनदा 'थुंकी द्या' म्हणून झालं, तिन्ही वेळा पाणी, चौथ्या वेळी म्हणलं, "आज्जे, छातीतला बेडका पाहिजे, तोंडातली लाळ नको," तर म्हणली, "मग आसं सांग की बाबा, बेडका काय पायजे तेवढा हाय." आणि दिला पण, एक नंबर नमुना.

तर हे लिहिणं दोघांसाठी आहे. पहिला अर्धा भाग पेशंट, त्याच्या घरचे आणि आशाताई यांच्यासाठी, दुसरा नव्याने लॅबला लागलेल्या पोरापोरींसाठी, ज्यांना डीएमएलटीला (लॅबच्या डिप्लोमाला) सगळं शिकवलेलं असतं पण खराट्याची काडी हातात धरायला कुणी शिकवलेलं नसतं.

कुणाचा नमुना घ्यायचा हे थोडक्यात. दोन आठवडे किंवा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम फुटणं, बेडक्यातून रक्त पडणं, यातलं काही असेल तर तपासणी करा, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. एक कळकळीची विनंती, नमुना देऊन होईपर्यंत खोकल्यावर कुठली पण अँटिबायोटिक परस्पर घेऊ नका. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या टीबीच्या जंतूवर पण थोडंफार काम करतात, मग खोकला चार दिवस बरा वाटतो, कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू उगवत नाही आणि रोग तसाच आत राहतो. गावात इंजेक्शन मारून मोकळं होणारे लय आहेत, त्यांच्याकडनं महिना-दीड महिना फिरून आलेला पेशंट आमच्याकडं उशिरा येतो.

डबी

तोंडाला रुंद, पारदर्शक प्लॅस्टिकची, आट्याचं झाकण असलेली डबी पाहिजे, साधारण ३० मिली मावेल एवढी. रुंद तोंड का, तर खोकताना नेम धरता यावा. पारदर्शक का, तर झाकण न उघडता आत काय आलंय ते दिसावं. कल्चरला किंवा लांबच्या लॅबला पाठवायचं असेल तर ५० मिलीची निमुळत्या बुडाची फाल्कन ट्यूब, कारण ती तशीच सेंट्रिफ्यूजला, म्हणजे गरागरा फिरवून गाळ खाली बसवणाऱ्या मशीनला, लावता येते. घरातली बामची बाटली, गोळ्यांची डबी, लोणच्याची बरणी (आलीय, खरंच आलीय) चालत नाही. आधीच्या वस्तूचा अंश राहतो आणि झाकणातून गळतं.

नाव-नंबर डबीच्या अंगावर लिहायचा. झाकणावर नाही. परत एकदा, झाकणावर नाही. मी नवीन असताना एका ठिकाणी सगळे नंबर झाकणावर टाकायची पद्धत होती, स्मिअर करायला (काचेवर बेडक्याचा पातळ थर पसरायला) दोन डबे एकदम उघडले, झाकणं टेबलावर शेजारी-शेजारी ठेवली आणि लावताना अदलाबदल झाली. एक नमुना पॉझिटिव्ह निघाला आणि तो कुणाचा हे कुणालाच सांगता येईना, दोघांना परत बोलवावं लागलं. एक होता ऊसतोडीवरचा, तो तोवर टोळीसोबत पुढच्या फडावर गेलेला. त्याला शोधायला आठ दिवस लागले. त्यात माझा पण हात होता म्हणून हे विसरत नाही.

नमुना देताना

दोन नमुने लागतात. एक जागेवर, दवाखान्यात आल्या आल्या, त्याला आम्ही स्पॉट म्हणतो, आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या घरी काढलेला. पूर्वी तीन घ्यायचे, आता दोनच. सकाळचा जास्त चांगला कारण रात्रभर आडवं पडल्यामुळं छातीतला ऐवज साठून राहतो आणि पहिल्या खोकल्याला वर येतो. कुणी लय लांबनं आलं असेल, परत येणं होणार नसेल, तर एक-एक तासाच्या अंतरानं दोन स्पॉट घ्या, पण माणूस रिकाम्या हातानं परत पाठवू नका.

सकाळचा नमुना म्हणजे नक्की कधी? इथं आपल्याकडची अडचण येते, मिश्री. आमच्याकडच्या निम्म्या बायका डोळे उघडले की आधी मिश्री लावतात आणि मग बाकीचं जग. त्या मिश्रीचे काळे कण डबीत येतात, स्लाईडवर ते काळपट ठिपके होऊन बसतात, रंग धरून ठेवतात, वाचणाऱ्याचं डोकं फिरतं. तंबाखू-गुटख्याचं पण तेच, लाल डबी बघून पेशंटच्या घरचे घाबरतात रक्त पडलं म्हणून, आणि असतो रात्रीचा मावा. म्हणून क्रम असा: उठायचं, साध्या पाण्यानं दोन-तीनदा खळाळून चूळ भरायची, नमुना द्यायचा, आणि मग मिश्री, चहा, भाकरी काय ते. चूळ साध्या पाण्याचीच, माउथवॉश नको, त्यात जंतू मारायची औषधं असतात. दातात अडकलेलं अन्न निघून जावं एवढाच चुळीचा हेतू आहे.

मग घराच्या बाहेर यायचं. अंगणात, परड्यात, गच्चीवर, कुठंही मोकळ्या हवेत, जिथं समोर माणूस नाही. संडासात किंवा दार लावलेल्या खोलीत अजिबात नाही, कारण खोकताना बारीक तुषार उडतात आणि बंद जागेत ते बराच वेळ तरंगत राहतात, मागनं कोण आत जाईल त्याच्या श्वासात जातात. सांगली-मिरजेच्या माणसाला वानलेसवाडी माहीत असते, पण मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली काढणाऱ्या डॉक्टर वानलेस यांच्या नावावरनं ते नाव पडलं आणि तिथं टीबीचं सॅनेटोरियम होतं हे नव्या पोरांना सांगावं लागतं. तिकडं पाचगणीला पण तेच, शाळांच्या आधी लोक हवेसाठी जायचे. औषध नव्हतं तेव्हा हवाच औषध होती. आता औषध आलं तरी खोकताना मोकळी हवा लागतेच, ती पेशंटसाठी नाही, बाकीच्यांसाठी.

आता खोकायची पद्धत. उभं राहा किंवा बसून थोडं पुढं वाका. नाकानं खोल श्वास घ्या, क्षणभर धरा, हळू सोडा. असं दोन-तीनदा. शेवटच्या श्वासाला पोटातून जोर लावून खोका, घशातनं खाकरून नाही. खाकरणं आणि खोकणं यात फरक आहे, खाकरलं की नाक-घशातला शेंबूड येतो. छातीतनं काही वर आलं असं वाटलं की डबी खालच्या ओठाला टेकवून त्यात सोडा. एकदम पुरेसं येत नाही, परत करा. साधारण २ ते ५ मिली पाहिजे, म्हणजे चहाच्या लहान चमच्यानं अर्धा ते एक चमचा. डबी भरून नको, अर्ध्याच्या पण खाली. झाकण घट्ट लावा, बाहेरून काही लागलं असेल तर पुसा, पुसलेला कागद जाळा, हात साबणानं धुवा.

येतच नसेल तर? आदल्या रात्री पाणी जास्त प्या, सकाळी गरम पाण्याची वाफ घ्या, थोडं चाला. चढावर राहणाऱ्या माणसाला मी सांगतो, दहा मिनिटं वर-खाली करून या, बहुतेकांना येतो. तरी पण नाही आला तर मोठ्या दवाखान्यात ३ टक्के मिठाच्या पाण्याची नेब्युलायझरवर वाफ देऊन काढतात, ते डॉक्टरांच्या समोरच करायचं, घरी नाही. लहान पोरं तर बेडका गिळूनच टाकतात, त्यांचा सकाळी उपाशीपोटी नळी घालून पोटातला द्रव घेतात नाहीतर संडासचा नमुना मशीनवर लावतात, ते काम हॉस्पिटलचं.

ऊसतोडीवाल्यांचं वेगळं सांगतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात, बीड-धाराशिव (आधीचं उस्मानाबाद) बाजूच्या जास्त, काही आपल्याच जत-आटपाडीच्या, आणि ते पहाटे चारला फडात असतात. त्यांना 'उद्या सकाळी डबी घेऊन नऊला या' म्हणणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखं आहे. आशाताईनं किंवा एसटीएसनं (टीबीच्या उपचारावर देखरेख ठेवणारा सुपरवायझर) संध्याकाळी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, जाऊन डबी द्यायची, दाखवायची कशी करायची, पहाटे गाडी जुंपायच्या आधी नमुना काढून कोपीच्या सावलीत ठेवायला सांगायचा आणि कुणीतरी जाऊन उचलायचा. मुकादमाचा नंबर फॉर्मवर घ्यायचाच, कारण पेशंटचा फोन रिचार्जविना बंद असतो. तसंच आमच्या खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेले, सणाला गावी येतात आणि खोकत येतात. त्यांना विचारायचं परत कधी जाणार. चार दिवसांनी जाणार असेल तर नमुना आजच, आत्ताच.

डबी हातात आल्यावर

झाकण न उघडता उजेडात धरून बघा. पिवळट-हिरवट, घट्ट, तार धरणारा असेल तर उत्तम. रक्ताच्या रेघा असतील तर चालतो, पण नुसतं रक्त असेल तर मशीनला अडचण येते आणि पेशंटला आधी डॉक्टरकडं पाठवायचं असतं. फेस आणि पाणी असेल तर पेशंट समोर असेतोवर परत मागा, पद्धत परत दाखवा. पण एक लक्षात ठेवा, दुसरा मिळत नसेल तर लाळ म्हणून फेकून देऊ नका, रजिस्टरमध्ये 'लाळ' असा शेरा मारून तपासाच, कधीकधी त्यातही सापडतो. चिडायचं मात्र नाही. पेशंट ओशाळतो, सगळ्यांसमोर खोकायची लाज असते, बायकांना जास्त. सुनेनं सासूसमोर डबीत खोकायचं म्हणजे ती लाळच देणार, तिला एकटीला बाजूला जागा द्या.

फॉर्मवरचं नाव, वय, गाव, निक्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) आणि डबीवरचा नंबर जुळतोय का बघा आणि मगच पेशंटला सोडा.

ठेवायचा आणि पाठवायचा कसा

जमलं तर त्याच दिवशी लावायचा. नाही जमलं तर फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला, पण लसीच्या फ्रिजमध्ये नाही आणि जेवणाचे डबे ठेवायच्या फ्रिजमध्ये तर अजिबातच नाही. थंड का ठेवायचा ते समजून घ्या. टीबीचा जंतू लय आळशी, एकाचे दोन व्हायला पंधरा-वीस तास घेतो. तोंडातले बाकीचे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात. एप्रिल-मे मध्ये जतला पारा चाळिशीच्या वर असतो, अशा उन्हात डबी दिवसभर मोटरसायकलच्या डिकीत राहिली की बाकीच्यांची जत्रा भरते, बेडका पातळ होऊन जातो आणि कल्चर लावलं की नको ते उगवतं. साध्या मायक्रोस्कोपीला एवढा फरक पडत नाही, सीबीनॅटला (जंतूचा डीएनए पकडणारं मशीन) नमुना ३५ डिग्रीपर्यंत तीन दिवस आणि फ्रिजमध्ये दहा दिवसांपर्यंत चालतो, पण कल्चरला थंडावा लागतोच. फॉर्मॅलिन वगैरे काहीही घालायचं नाही, जंतू मेला की उगवणार काय.

पाठवताना तीन आवरणं. पहिलं म्हणजे ट्यूबच, झाकण घट्ट, वरून पॅराफिल्म (ताणून बसणारी मेणाची पट्टी) गुंडाळलेली. दुसरं झिपची पिशवी, आत कापूस, सांडलं तर शोषून घ्यायला. तिसरा थर्माकोलचा डबा, आत गोठवलेले जेलचे पॅक, आणि ट्यूब उभीच राहिली पाहिजे. फॉर्म वेगळ्या पिशवीत, पॅकच्या शेजारी नको, ओल धरून शाई पसरते आणि पुण्याच्या आयआरएलला (टीबीच्या मोठ्या सरकारी लॅबला) पोचेपर्यंत 'शांताबाई'चं 'शां' एवढंच वाचता येतं. पावसाळ्यात पाटण-जावळीकडच्या वाड्यावस्त्यांवरनं आणायचं तर रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही, तिथं जेलचे पॅक दोन जास्तच घालायचे.

स्लाईड बनवायची

इथनं पुढं लॅबवाल्यांसाठी. नवीन स्लाईड घ्यायची, ओरखडा नसलेली, पुसून तेलकटपणा काढलेली. धुऊन परत वापरलेली स्लाईड टीबीला कधीच नाही, आधीच्या पेशंटचा जंतू चिकटून राहिला तर निरोगी माणूस सहा महिने गोळ्या खाईल. एका टोकाला डायमंड मार्करनं नंबर कोरायचा, स्केच पेननं नाही, तो ॲसिडात जातो.

खराट्याची काडी घ्यायची, मधोमध मोडायची. मोडलेलं टोक फाटकं-तुटकं असतं, त्यालाच बेडका नीट अडकतो. महागाचा लूप यापुढं काही नाही, खरं सांगतो. डबीत सगळ्यात पिवळा, घट्ट गोळा कुठं आहे ते शोधायचं आणि काडीवर तोच घ्यायचा. निम्मं काम इथं होतं, कारण जंतू सगळीकडं सारखा पसरलेला नसतो, तो त्या गोळ्यात असतो. स्लाईडच्या मध्यावर ३ सेंटीमीटर बाय २ सेंटीमीटर एवढ्या जागेत बारीक गोल-गोल फिरवत पसरायचं, बाहेरनं आत किंवा आतनं बाहेर, पण मध्ये भोकं नकोत. जाडी किती? वाळल्यावर स्लाईड वर्तमानपत्रावर धरा, खालची अक्षरं अंधुक वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसत नसतील तर जाड, रंगवताना पापुद्रा सुटून वाहून जाईल. लख्ख दिसत असतील तर पातळ, जंतू असूनही सापडणार नाही. एका नमुन्याला एक काडी, वापरून झाली की फिनॉलच्या डब्यात.

मग पंधरा मिनिटं ते अर्धा तास हवेवर वाळू द्यायची. घाई करून ओली स्लाईड दिव्यावर धरायची नाही, तडतडून तुषार उडतात आणि ते तुमच्याच नाकात जातात. पूर्ण वाळली की मगच स्पिरिटच्या दिव्यावरनं तीन ते पाच वेळा फिरवायची, दर वेळी तीन-चार सेकंद, स्मिअरची बाजू वर. याला फिक्स करणं म्हणतात. जास्त वेळ धरली तर स्मिअर करपतो.

हे सगळं खिडकीजवळ, दाराकडं वारा जाईल असं बसून करायचं. पंखा बंद.

रंग

झील-नील्सन पद्धत. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये हा जंतू जगाला दाखवला आणि त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत झील आणि नील्सन या दोघांनी रंगवायची जी रीत बसवली ती आपण आजही वापरतो. मागचं कारण साधं आहे. टीबीच्या जंतूच्या अंगावर मेणासारखा थर असतो. थंड रंग त्यावरनं घसरून जातो. गरम केलं की मेण सैल होतं, रंग आत शिरतो, गार झाल्यावर मेण परत बसतं आणि मग ॲसिड ओतलं तरी रंग बाहेर येत नाही. बाकीच्या जंतूंचा निघून जातो.

स्लाईडा रॅकवर ओळीनं, एकमेकींना न चिकटता, स्मिअर वर. १ टक्का कार्बोल फुक्सिन गाळून घ्या आणि पूर्ण स्लाईड झाकेल एवढं ओता. खालून आच फिरवा, वाफ दिसायला लागली की आच बाजूला. उकळू द्यायचं नाही आणि वाळू पण द्यायचं नाही, कमी पडला तर अजून रंग घाला. पाच मिनिटं थांबा. पाण्यानं हळू धुवा, धार थेट स्मिअरवर नको. मग २५ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, दोन ते चार मिनिटं, धुवा, अजून गुलाबी दिसत असेल तर परत थोडं ॲसिड. शेवटी ०.१ टक्का मिथिलीन ब्ल्यू फक्त तीस सेकंद, धुवा, तिरकी उभी करून वाळवा. निळं जास्त वेळ ठेवलं तर लाल काड्या त्याखाली झाकल्या जातात.

ॲसिड बनवायचं असेल तर ७५० मिली पाण्यात २५० मिली ॲसिड, हळूहळू, भांड्याच्या कडेनं. पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी कधीच नाही, उसळून अंगावर येतं. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी पण माझ्या एका सहकाऱ्याच्या मनगटावर डाग आहे.

स्लाईडा जारमध्ये एकत्र बुडवून रंगवायच्या नाहीत, एकीचा सुटलेला जंतू दुसरीवर बसतो. त्याच कारणानं तेलाच्या बाटलीचं ड्रॉपर स्लाईडला टेकवायचं नाही, थेंब वरनं सोडायचा.

वाचायचं १०० च्या ऑइल लेन्सवर, निळ्या जमिनीवर लाल बारीक काड्या, जरा वाकड्या, कधी एकट्या, कधी जोडीनं. शंभर फील्ड (लेन्समधनं एका वेळी दिसणारा गोल म्हणजे एक फील्ड) बघून एकही नाही तर निगेटिव्ह. शंभर फील्डात एक ते नऊ सापडले तर 'स्कँटी' आणि नेमका आकडा लिहायचा. दहा ते नव्व्याण्णव म्हणजे १ प्लस. दर फील्डला एक ते दहा असतील तर २ प्लस, त्याला पन्नास फील्ड पुरतात. दर फील्डला दहाच्या वर, ३ प्लस, वीस फील्ड बस्स. शंभर फील्ड बघायला निदान पाच मिनिटं जातात, दोन मिनिटांत निगेटिव्ह देणारा माणूस शंभर फील्ड बघत नसतो.

ट्रूनॅट आणि सीबीनॅट

मायक्रोस्कोपला एक मिली बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असले तर दिसतात. सीबीनॅटला शे-सव्वाशे पुरतात. त्यामुळं आता पहिली तपासणी शक्यतो मशीनवरच करायची असं धोरण आहे, शिवाय रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का नाही ते पण कळतं. ट्रूनॅट हे तसलंच मशीन, गोव्याच्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालतं, आमच्यासारख्या लाईट जाणाऱ्या ठिकाणी त्याचं मोल कळतं.

सीबीनॅटला एक भाग बेडका, दोन भाग सॅम्पल रिएजंट. कमीत कमी १ मिली बेडका पाहिजे. झाकण लावून दहा-वीस वेळा जोरात हलवायचं, दहा मिनिटं ठेवायचं, परत तसंच हलवायचं, अजून पाच मिनिटं. पंधरा मिनिटांनी ते पाण्यासारखं वाहतं झालं पाहिजे, एक पण गुठळी नको, मग सोबतच्या पिपेटनं खुणेपर्यंत, म्हणजे २ मिली, कार्ट्रिजमध्ये (मशीनमध्ये घालायच्या डबीत) हळू सोडायचं, बुडबुडा न होता. गुठळ्या गेल्या की मशीन 'एरर' दाखवतं आणि एक महागाचं कार्ट्रिज वाया. निकाल दोन तासांच्या आत. ट्रूनॅटला आधी डबीत लिक्विफॅक्शन बफरचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं पातळ करायचं आणि मग त्यातलं अर्धा मिली लायसिस बफरमध्ये. अन्नाचे कण दोन्हीकडं चालत नाहीत, म्हणजे फिरून गाडी त्या चुळीवर येतेच.

कल्चरसाठी

हे जिल्ह्याच्या साध्या लॅबमध्ये होत नाही, सेफ्टी कॅबिनेट लागतं, तिथं काम करणाऱ्याला वेगळं ट्रेनिंग असतं, पण आपण पाठवलेल्या ट्यूबचं पुढं काय होतं ते माहीत असावं. बेडक्याएवढंच एनएएलसी-सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालतात. एनएएलसी बेडक्याचा चिकटपणा तोडतं, कॉस्टिक, म्हणजे ते सोडियम हायड्रॉक्साइड, बाकीचे जंतू मारतं. पण ते टीबीच्या जंतूला पण सोडत नाही, फक्त तो मेणामुळं जास्त वेळ टिकतो, म्हणून घड्याळ लावून पंधरा मिनिटं, जास्त नाही. मग फॉस्फेट बफर ५० मिलीपर्यंत भरून कॉस्टिकचा जोर मोडतात, ३००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पट जोरावर) पंधरा-वीस मिनिटं फिरवतात, वरचं पाणी ओतून देतात आणि खालचा गाळ एमजीआयटी ट्यूबमध्ये (जंतू वाढवायचा द्रव असलेल्या नळीत) लावतात. बेचाळीस दिवस वाट बघून नाही उगवला तरच निगेटिव्ह. त्यामुळं 'पुण्याहून रिपोर्ट का आला नाही' म्हणून आठव्या दिवशी भांडायला येऊ नका, जंतूच आळशी आहे.

उरलेल्या डब्या

झाकण काढून डबी आणि झाकण दोन्ही ५ टक्के फिनॉलच्या पायानं उघडणाऱ्या बादलीत पूर्ण बुडवायचं, रात्रभर, आणि मग बायोमेडिकल कचऱ्यात. झाकण लावून बुडवली तर आत औषध जातच नाही, हे लय ठिकाणी चुकतं. टेबल रोज काम संपल्यावर त्याच फिनॉलनं पुसायचं. घरी पेशंट खोकतोय त्याच्यासाठी पण डबा ठेवा, झाकणाचा, फिनेल घातलेला. चुलीतली राख टाकून वर थुंकायची जुनी पद्धत आहे, पण राखेनं जंतू मरत नाही.

दोन महिन्यांनंतरचा नमुना

गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी परत नमुना लागतो आणि कोर्स संपताना पण. तेव्हा सीबीनॅट नाही करत, साधी स्लाईडच करतात, कारण मेलेल्या जंतूचा डीएनए पण मशीन पकडतं आणि बऱ्या होत आलेल्या माणसाला उगाच पॉझिटिव्ह म्हणतं. या वेळी लोक डबी परत घेऊन येतात, "साहेब, आता येतच नाही काही." वजन चार किलो वाढलेलं असतं, महिन्याचे पोषणाचे १००० रुपये खात्यावर आले का ते विचारतात, ढेकर देतात, पण बेडका नाही. ती पहिली आजी पण आली होती, दहा मिनिटं मागच्या अंगणात खोकून खोकून दमली आणि डबी पुढं केली, नुसता पांढरा फेस. "आता लाळच हाय बघ," म्हणली. म्हणलं असू दे. घ्यायची, रजिस्टरला 'लाळ' लिहायचं, स्लाईड नेहमीसारखीच करायची, आणि नंबर डबीच्या अंगावर.